तुझ्या फोटोखालचं वाक्य

रत्ने, काल आमच्या संस्थेच्या ऑफिसात तुझी शोकसभा झाली. भिंतीवर तुझा फोटो असलेलं मोठं फ्लेक्स लावलं होतं. तुझ्या लेकीच्या, प्राचीच्या पदवीच्या दिवशी काढलेला, निळ्या साडीतला फोटो. त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत एक वाक्य होतं : ‘या कामात मला एक दिवसही समाधान मिळालं नाही. प्रत्येक दिवस मरण होता.’ आणि त्याखाली तुझं नाव. तू असं आयुष्यात कधी म्हणाली नव्हतीस. हे मला पक्कं माहीत होतं, कारण ते वाक्य मी लिहिलं होतं.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. तुझ्या घरच्यांनी विहारात विधी केला तेव्हा मी पांढरी साडी नेसून मागच्या रांगेत बसले होते. वंदना झाली, जेवणं झाली, आणि माझ्या शेजारची एक बाई म्हणाली, ‘बिचारीने फार सोसलं हो.’ तू असतीस तर तिला हाताला धरून बाहेर नेलं असतंस आणि विचारलं असतंस की काय काय सोसलं, जरा नीट सांगा, मलाही कळू दे. ‘बिचारी’ हा शब्द तुला चालत नसे. मी मात्र मान हलवली आणि पत्रावळ उचलली. मी भित्री आहे, हे तू माझ्या तोंडावर किती वेळा सांगितलंस.

आता हे लिहितेय ते तुझ्याशी बोलायलाच, पण दुसरंही कुणी वाचेल, म्हणून तुला ठाऊक असलेलंही थोडं सांगते. भांडुपला पश्चिमेला, बाजाराच्या मागे, पिठाच्या गिरणीच्या वर तीन खोल्या आहेत. तिथे आपण धंदा करायचो. तू, मी आणि शबाना. मी चौदा वर्षं केला आणि मग सोडला. तू शेवटच्या दिवसापर्यंत केलास. आपण रात्रीच्या बाया नव्हतो. सकाळी अकराला डबा आणि पर्स घेऊन यायचं, साडेपाचला खोली झाडून निघायचं, जाताना भाजी घ्यायची. शेजाऱ्यांच्या लेखी तू अंधेरीला पॅकिंगच्या कामाला होतीस आणि मी मुलुंडला एका आजीबाईंना सांभाळत होते. शेजारणी फार चौकशा करायच्या, म्हणून मी त्या नसलेल्या आजीबाईंना इतक्यांदा आजारी पाडलं की शेवटी तूच वैतागलीस. ‘आता मार तिला, मंदे,’ म्हणालीस. ‘दुसरी म्हातारी बघ.’

गिऱ्हाइकांचंही तसंच. दिवसाढवळ्या तो जिना चढायचा तर काहीतरी निमित्त हवं. म्हणून ते खाली गिरणीत दळण टाकायचे, वर यायचे, उतरताना पिठाची पिशवी उचलायचे आणि सभ्य माणसासारखे घरी जायचे. जिन्यावर कायम पीठ सांडलेलं असायचं, त्यामुळे वर येऊन गेलेल्याच्या चपला खालून पांढऱ्या. ‘यांच्या बायका चपला उलट्या करून बघत नाहीत म्हणून आपलं चाललंय,’ असं तू म्हणायचीस. तुला आठवतं, एका काकांनी घाईत दुसऱ्याचं बाजरीचं पीठ उचललं आणि तासाभरात त्यांची बायको डबा घेऊन गिरणीत भांडायला आली होती? गिरणीवाला घामाघूम. शबाना आणि मी खिडकीआड तोंडात पदर कोंबून. तू सरळ खाली उतरलीस आणि तिला म्हणालीस, ‘वहिनी, अदलाबदल होते कधीकधी. भाकऱ्या करा आज, थंडीत बाजरी चांगली.’ ती ऐकून गेलीसुद्धा. जाताना तुला विचारून गेली की तुम्ही इथेच राहता का. तू म्हणालीस, नाही हो, कामाला येते.

कामाला येते. तू नेहमी तेच म्हणायचीस आणि तसंच वागायचीस. प्यायलेला माणूस आत घ्यायचा नाही. आल्यावर हातपाय धुवायचे. निरोधाशिवाय नाही, मग तो दहा वर्षांचा जुना असो. एकदा तू ‘नको’ म्हटलंस की तो विषय संपला, कारण विचारायचं नाही. आणि दुपारी दीड ते अडीच दार बंद. जेवणाची सुट्टी. कुणीही आलं तरी जिन्यावर बसेल, नाहीतर आपलं दळण घेऊन जाईल. सुरुवातीला आम्ही दोघी तुला हसलो होतो. मी तर म्हणाले होते की ही स्वतःला बँकेत समजते. महिन्याभरात आम्हीही दीडला कड्या लावायला लागलो, आणि पुढे आसपासच्या इतर बायाही. तुझ्या खोलीत चटई टाकून तीन डबे उघडायचे. तुझी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, शबानाची खिचडी, आणि माझं बांगड्याचं तिखलं. मी बांगड्याचे काटे काढून तुला द्यायचे, कारण तुमच्या जालन्याकडे ते कुणी शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्या कुणी काटे काढलेला मासा खाताना तुला कसली लाज वाटली नाही. पानातला मोठा तुकडाही तूच घ्यायचीस.

त्या तासात मी हसायचे, ते खरं होतं. बाकीचा दिवस माझ्यासाठी वेगळा होता, आणि ते मी तुला कधी धड सांगितलं नाही. तुला वाटायचं मला सांधेदुखी आहे म्हणून मी गप्प असते.

चौदा वर्षांनी मला संस्थेत काम मिळालं. निरोध वाटायचे, बायकांना तपासणीला न्यायचं, फॉर्म भरायचे. गळ्यात ओळखपत्र आलं. तू ते हातात धरून, मागूनपुढून बघून म्हणालीस, ‘पट्टा छान आहे. चावत नाही ना?’ मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दीडला मी डबा घेऊन हजर, आणि तू भाकरी मोडून माझ्यापुढे ठेवलीस. पुढेही मी जमेल तेव्हा दुपारी यायचेच. माझी खोली दुसऱ्या कुणीतरी घेतली होती, पण चटईवरची जागा माझीच राहिली.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे ती पाहणी निघाली. धंद्यातल्या बायकांना त्यांच्या कामात समाधान आहे का, असा विषय होता. संस्था चालवणाऱ्या मॅडमनी आम्हाला दिवसभर शिकवलं : फॉर्मवर नाव लिहायचं नाही, फक्त कोड, बाईच्या तोंडून येईल तेच लिहायचं. आमच्या मॅडम वाईट नाहीत, हे मी आजही म्हणेन. बायकांच्या मुलांच्या फीसाठी त्या दारोदार फिरतात. पण मी दिलेले पहिले दोन फॉर्म त्यांनी परत केले, कारण त्यांत ‘बऱ्यापैकी समाधान’ या चौकोनात खूण होती. ‘मंदाताई, बायका लाजून असं सांगतात,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही खोलात जाऊन विचारायला हवं. तुम्हाला तर माहीतच आहे.’ मला माहीत होतं म्हणूनच त्यांनी मला ठेवलं होतं. मी पुन्हा गेले, खोलात विचारलं, आणि त्या दोघींनी मला हवं तसं उत्तर दिलं. त्यांनाही कळत होतं की रडलेल्या बाईचा फॉर्म पुढे जातो.

तुझा फॉर्म मी जेवणाच्या सुट्टीत भरला. तू चटणीत तेल घालत होतीस. मी प्रश्न वाचला : तुम्ही करत असलेल्या कामात तुम्हाला समाधान आहे का? अजिबात नाही, थोडं, बऱ्यापैकी, पूर्ण.

तू तेलाची बाटली खाली ठेवलीस. ‘हे मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं गं,’ म्हणालीस. मग थोडा वेळ विचार केलास, अगदी शाळेतल्या मुलीसारखा, आणि म्हणालीस, ‘बऱ्यापैकी लिही. पूर्ण नको, माज वाटेल.’

‘कारण लिहायचंय खाली. चार ओळी आहेत.’

‘चार ओळींत मावणार नाही, पण लिही.’

तू बोललीस ते मी शब्दाला शब्द लिहिलं. ‘अंधेरीला कपड्यांच्या कारखान्यात मी धागे कापायचे. मुतायला जायचं तरी सुपरवायझरला विचारायला लागायचं. तो अंगाला हात लावायचा, आणि नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी गेटवरून परत. मग मुलुंडला एका घरी भांडी केली. तिथे माझा कप बाथरूमच्या खिडकीत ठेवायचे, कारण त्यांना आमचं आडनाव कळलं होतं. इथे मी नाही म्हटलं की माणूस जिना उतरतो. दीड ते अडीच माझं दार बंद. लेकीला मी शिकवली. जिना चांगला नाही, पोलीस चांगले नाहीत, गावी आईशी खोटं बोलायला लागतं ते तर अजिबात चांगलं नाही. काम बऱ्यापैकी.’

चार ओळी संपल्या, मी समासात लिहिलं. मग तू हात पुसलेस आणि माझ्या हातातलं पेन घेतलंस.

‘सही नाही करायची, रत्ने. कोड असतो.’

‘बोलायचं मी आणि नाव कोडचं?’ असं म्हणून तू खाली पूर्ण नाव लिहिलंस, बापाच्या नावासकट, ठसठशीत अक्षरांत. ‘वाचून दाखव त्यांना. म्हणावं ही बाई आहे, बघायला या.’

फॉर्मवर नाव आलं की फॉर्म बाद. तुझा फॉर्म मला घरी नेऊन कोऱ्या कागदावर पुन्हा उतरवायचा होता. एवढंच काम होतं. मी स्वयंपाक आटोपून बसले, तुझं वय लिहिलं, सत्तेचाळीस. कामाची जागा आणि वर्षं लिहिली. मुलगी शिकते हे लिहिलं. आणि त्या प्रश्नाशी आल्यावर ‘अजिबात नाही’च्या चौकोनात खूण केली. खालच्या चार ओळींत ते वाक्य लिहिलं. त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

मॅडम पुन्हा फॉर्म परत करतील, अहवाल बघून मिळणारी मुलांच्या फीची मदत अडकेल, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारणही नव्हतं. खरं कारण असं की तुझं ‘बऱ्यापैकी’ मला सहन झालं नाही. मला त्या खोलीत माझ्या नवऱ्याच्या भावाने आणून सोडलं होतं. पहिली कित्येक वर्षं मला कुणी विचारलं नाही आणि नाही म्हणायची मला हिंमत नव्हती. मी दिवसातून तीनदा आंघोळ करायचे, तुला वाटायचं मला उकाडा सोसत नाही. एक दिवसही समाधान मिळालं नाही, प्रत्येक दिवस मरण होता, हे माझं होतं, रत्ने. अक्षरन् अक्षर माझं. मला ते कुणी विचारलं नव्हतं, कारण फॉर्म भरणारीचा फॉर्म कुणी भरत नाही. शेजारच्याच खोलीत, त्याच जिन्याने येणाऱ्या माणसांबरोबर, तू बऱ्यापैकी होतीस, हे खरं मानलं तर मला वाटायचं की चूक माझीच असणार. मलाच कडी लावता आली नाही. म्हणून मी तुझ्या तोंडात माझं मरण घातलं.

आता मला एवढं कळतं की दोन्ही खरं होतं. एकाच मजल्यावर, मध्ये एक भिंत असलेल्या दोन खोल्यांत. एकीचं खरं असायला दुसरीचं खोटं असावं लागत नाही. हे तुला कळायला काहीच वेळ लागला नसता. मी सांगितलं असतं तर.

मागच्या वर्षी घाटकोपरच्या हॉलमध्ये तो अहवाल बाहेर आला. मी तुला आग्रहाने नेलं, कारण जेवण होतं; इतक्या फॉर्मांतून नेमकं तेच वाक्य निवडलं जाईल असं मला वाटलं नव्हतं. पडद्यावर ते वाक्य आलं, खाली ‘सत्तेचाळीस वर्षांची महिला, भांडुप, गिरणीवरच्या खोलीत काम, एक मुलगी.’ पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. तू पडद्याकडे बघत राहिलीस. मग जेवणाचं पाकीट उघडून पुऱ्या संपवल्यास, आणि माझ्यातली एक घेतलीस.

रिक्षात म्हणालीस, ‘ती मी होते ना?’

मी म्हटलं, ‘वरती कुणीतरी बदललं असेल.’

‘वरती कुणाला माहीत गिरणी?’

मी रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं. तू म्हणालीस, ‘मी रडत सांगितलं असतं तर चाललं असतं. मी जेवत सांगितलं, ते चाललं नाही.’ आणि भांडुप यायच्या आधी, ‘मला माझा फॉर्म बघायचाय, मंदे. मी सही केलेला.’

तुझा सही केलेला फॉर्म माझ्याकडेच होता. फाडायचा असा नियम होता. मला तो फाडता आला नाही. कपाटात साड्यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. मी म्हटलं, ‘ऑफिसात शोधते.’

त्यानंतर वर्षभर तू मला तेच विचारलंस. डबा उघडताना, काटे काढताना, कधी रस्त्यात लांबून हाक मारून, ‘काय गं, फॉर्म मिळाला का?’ आणि मी दर वेळी, ‘शोधतेय.’ आधी त्यात राग होता. मग तो थट्टेवर आला. शबानाला वाटायचं, आपलं काहीतरी सरकारी काम अडकलंय. एकदा मी चिडून म्हटलं की एवढं काय त्या कागदाचं, तुला ठाऊक आहे ना तू काय म्हणालीस. तू म्हणालीस, ‘मला ठाऊक आहे. पण मी मेल्यावर कोणाला ठाऊक असणार?’ आणि मग माझ्या ओळखपत्राला बोट लावून विचारलंस, ‘तू सांग. तुझ्या या कामात आहे का समाधान? चौकोन सांग.’ मी ओळखपत्र पदराखाली सारलं. तो वाद तिथेच राहिला. मला वाटायचं, आपल्याला भरपूर दुपारी आहेत.

शेवटच्या मंगळवारी तू तिखल्यातला मोठा तुकडा घेतलास, विचारलंस, ‘फॉर्म?’ मी म्हटलं, ‘शोधतेय.’ तू म्हणालीस, ‘शोध शोध.’ गुरुवारी सकाळी तोच जिना चढताना तुझ्या छातीत दुखलं. शबानाने आणि गिरणीवाल्याने तुला रिक्षात घातलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुझ्या पायांना पीठ होतं. ते मी पुसलं. ते वाक्य मीच लिहिलं हे तुला माहीत होतं, असं मला वाटतं. माहीत असूनही तू वर्षभर मला स्वतःहून सांगायची संधी देत राहिलीस, रोज एक. मी एकही घेतली नाही.

परवा दुपारी प्राचीचा फोन आला. ती अठरा वर्षांची झाली तेव्हा तू तिला समोर बसवून सगळं सांगितलं होतंस, म्हणून तिच्यापासून लपवायचं काही नव्हतं. मॅडमनी तिला फोटोसाठी विचारलं होतं, तिने तो आनंदाने दिला होता. अहवालातली गिरणीवरची बाई तूच, हे ऑफिसात सगळ्यांनी ओळखलं होतं; मग फ्लेक्सचा नमुना तिच्या मोबाइलवर आला, वाक्यासकट.

‘मावशी,’ ती म्हणाली, ‘हे आई बोलली होती?’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘एक दिवसही नाही? म्हणजे मी जेवत होते, शाळेत जात होते, पिकनिकचे हट्ट करत होते, तो प्रत्येक दिवस तिला मरण होता? ती मला म्हणाली होती, काम आहे, बऱ्यापैकी आहे. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली का गं? तू सांग. तू तिच्यासोबत जेवायचीस.’

तुझी मुलगी रडत नव्हती, रत्ने. ती मनातल्या मनात आपली सगळी वर्षं परत तपासायला बसली होती. तू तिला जे उभं करून दिलं होतंस, ते माझ्या दोन मिनिटांनी खालून पोखरलं होतं. मी तिला एवढंच म्हणू शकले, ‘उद्या सभेला ये. समोर सांगते.’ मग कपाट उघडलं.

सभेला आपल्या बऱ्याच बाया होत्या. देणगी देणाऱ्यांकडून दोन पाहुणे आले होते, ते पुढच्या खुर्च्यांवर. दोघीतिघी तुझ्याबद्दल छान बोलल्या. मॅडमनी मला बोलावताना सांगितलं की मंदाताईंनीच हे शब्द रत्नाताईंकडून मिळवले. लोकांनी माझ्याकडे आदराने बघितलं.

मी म्हटलं, ‘हे वाक्य रत्नाचं नाही. माझं आहे. फॉर्म तिचा होता, उत्तर मी माझं लिहिलं. मी चौदा वर्षं तिच्या शेजारच्या खोलीत होते. ज्यांना हे वाक्य लावायचंय त्यांनी खुशाल लावावं, ते खरं आहे. पण वर फोटो माझा लावा.’

मॅडम हळूच म्हणाल्या, ‘मंदाताई, पाहुणे आहेत. आपण नंतर बोलू.’

‘नंतर म्हणत म्हणत ती गेली, मॅडम,’ मी म्हटलं. ‘पाहुण्यांनीही ऐकू देत. तिने बघायला बोलावलंच होतं.’

आणि मी वर्तमानपत्र उलगडून तुझा फॉर्म वाचला. सुपरवायझर, कप, जिना, पोलीस, सगळं, समासात लिहिलेलंसुद्धा. ‘पूर्ण नको, माज वाटेल’ हे फॉर्मवर नव्हतं, तेही सांगितलं. ‘दीड ते अडीच माझं दार बंद’ आलं तेव्हा मागून कुणीतरी जोरात हसलं आणि मग अख्खी मागची रांग हसली, कारण त्या सगळ्यांनी तुझ्यामुळे कड्या लावायला घेतल्या होत्या. प्राचीही हसली. हसता हसताच तिने तोंडावर हात ठेवला. मी खाली आले आणि फॉर्म तिच्या हातात दिला. तिने आधी सही बघितली. मग त्या चौकोनातली खूण, बोट ठेवून.

ती मला ‘असू दे मावशी’ म्हणाली नाही. मला त्याची अपेक्षाही नव्हती. तिने विचारलं, ‘तू आईला सांगितलंस का हे?’ मी नाही म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, अगदी तुझ्यासारखं. मग उठली, स्टूल ओढलं आणि फ्लेक्सला मध्ये घडी घालून वाक्याची पट्टी मागे दुमडायला लागली. दुमडलेलं राहीना. तेव्हा शबानाने आपल्या बांगडीला अडकवलेल्या दोन पिना काढून दिल्या. फोटो राहिला, नाव राहिलं, मधलं वाक्य मागे गेलं. मॅडमनी अडवलं नाही. एक पाहुणा कागदावर काहीतरी लिहीत होता. लिहू दे. त्याला पुढे जिन्याचं आणि पोलिसांचं विचारायचं असेल तर ते लिहून घ्यायला मी बसेन.

बुधवारी मला ऑफिसात बोलावलंय. ओळखपत्र पर्समध्ये ठेवलंय, मागितलं तर देईन. नाही मागितलं तर पुढच्या वेळी फॉर्मवर बाईला सही करायची असेल तर करू देणार, आणि बाद झाला तर झाला. मॅडमना हेही सांगणार की मला माझा स्वतःचा फॉर्म भरायचाय, त्यावर मीही पूर्ण नाव लिहिणार आहे. चौदा वर्षांचा चौकोन मला ठाऊकच आहे. तू ओळखपत्राला बोट लावून विचारलेला अजून रिकामा होता. कालच्या एका दिवसापुरतं विचारशील तर, बऱ्यापैकी.

उद्या दीडला मी गिरणीवर जाणार आहे. शबाना म्हणाली, चटई तशीच आहे. बांगडे आणलेत, काटे काढायची सवय हाताला लागलीय, ती कुठे जाणार. तू दोन वर्षं समोर बसून जेवलीस आणि मी तुझ्याच घासाबद्दल खोटं बोलत राहिले, हे मी तिथे बसून शबानालाही सांगणार आहे.

फॉर्म मिळाला, रत्ने. माझ्या कपाटातच होता. आता प्राचीकडे आहे.